घरी सोडले, पुढे काय?

रुग्णालयात असलेल्या माणसाला भेटायला गेलेला प्रत्येकजण एक प्रश्न हमखास विचारतो, "घरी कधी सोडणार?" डिस्चार्ज मिळाला की आजार संपला, अशी आपली समजूत असते. बिल भरले जाते, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची पिशवी हाती येते, रिक्षा बोलावली जाते आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण डिस्चार्जचा खरा अर्थ फार मर्यादित आहे. ज्या संकटासाठी रुग्णालयातील यंत्रे आणि चोवीस तासांची देखरेख लागते ते संकट टळले, एवढेच तो सांगतो. गेलेली ताकद परत येणे, मोडलेल्या पायावर पुन्हा भार देता येणे, लुळ्या पडलेल्या हाताने पुन्हा घास उचलता येणे हे सारे अजून घडायचे असते. आणि ते घरी घडायचे असते.

हा काळ वाटतो तितका निर्धोक नसतो. अमेरिकेत ज्येष्ठ नागरिकांसाठी सरकारी आरोग्य विमा आहे. त्याच्या नोंदींवरून असे दिसले, की रुग्णालयातून घरी गेलेल्यांपैकी जवळजवळ एक-पंचमांश रुग्णांना ३० दिवसांच्या आत पुन्हा दाखल व्हावे लागते. यांतील अनेकांचे दुसऱ्या वेळचे कारण पहिल्या आजाराशी संबंधित नसते. न्यूमोनियासाठी दाखल झालेला माणूस पडून हाड मोडल्यामुळे परत येतो. हृदयरोगतज्ज्ञ हारलन क्रुमहोल्झ यांनी २०१३ साली या अवस्थेकडे लक्ष वेधले. अपुरी झोप, अपुरे अन्न, वेदना, औषधांची गुंगी आणि सक्तीने पडून राहणे यांमुळे रुग्ण घरी येतो तेव्हा मूळ आजारातून उठलेला, पण इतर सर्व बाबतींत दुबळा झालेला असतो, असे त्यांचे म्हणणे होते.

घरी आल्यावर शरीरात काय घडते, त्याला कोणती मदत लागते आणि ती मदत घरापर्यंत कशी पोहोचवता येते, हे या लेखात पाहू. उदाहरण म्हणून आम्ही पक्षाघात निवडला आहे. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने किंवा वाहिनी फुटल्याने मेंदूचा एखादा भाग निकामी होतो आणि शरीराची एक बाजू लुळी पडते. रुग्णालयातील मुक्काम काही दिवसांचा असतो, सुधारणेचा काळ मात्र काही महिन्यांचा. म्हणून घरातील शुश्रूषेची कसोटी या आजारात सर्वांत चांगली लागते.

पडून राहण्याची किंमत

"आता सक्तीची विश्रांती" हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरही तोच देत. रिचर्ड अॅशर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहून, अंथरुणात पडून राहणे हेच कसे धोक्याचे आहे, हे अवयवागणिक दाखवून दिले.

या धोक्याचे मोजमाप पुढे अमेरिकेतील डॅलस शहरात झाले. १९६६ साली २० वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवण्यात आले. माणूस जास्तीत जास्त श्रम करताना दर मिनिटाला किती ऑक्सिजन वापरू शकतो, यावरून त्याच्या हृदयाची व स्नायूंची एकत्रित क्षमता कळते. तीन आठवड्यांत ही क्षमता सरासरीने चतुर्थांशापेक्षा अधिक घटली. याच पाचजणांची तपासणी तीस वर्षांनी, १९९६ साली, पुन्हा केली गेली, तेव्हा एक विलक्षण गोष्ट उघड झाली. तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांची क्षमता जितकी कमी केली होती, त्याहून अधिक ती त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केली होती!

ही झाली तरुणांची गोष्ट. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी व्यक्तींना केवळ १० दिवस अंथरुणात ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांतील चरबीविरहित ऊती, म्हणजे मुख्यतः स्नायू, जवळजवळ एक किलोने कमी झाल्या आणि गुडघा सरळ करण्याची ताकद सुमारे १५ टक्क्यांनी घटली. खुर्चीतून उठायला जेमतेम ताकद शिल्लक असलेल्या आजोबांच्या बाबतीत एवढी घट म्हणजे स्वतःच्या पायांनी संडासला जाणे आणि दुसऱ्यावर अवलंबून राहणे यांतील अंतर असू शकते.

याचे कारण सरळ आहे. स्नायूंतील प्रथिनांची सतत मोडतोड आणि पुनर्बांधणी चालू असते. स्नायूवर भार पडला की बांधणीला चालना मिळते. भार थांबला की बांधणी मंदावते, मोडतोड मात्र सुरूच राहते. जेवण कमी झाले असेल तर बांधणीला कच्चा मालही मिळत नाही.

मेंदू पुन्हा कसा शिकतो

पक्षाघातात मेल्या पेशी परत येत नाहीत. मग सुधारणा होते ती कशी? शेजारचा शाबूत भाग काही काम उचलतो. पण तो आपोआप उचलतो असे नाही. रँडॉल्फ न्यूडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली माकडांवर केलेले प्रयोग येथे उपयोगी पडतात. माकडांच्या मेंदूतील हाताची हालचाल घडवणाऱ्या भागात त्यांनी लहानशी इजा केली. ज्या माकडांना काहीच सराव दिला नाही, त्यांच्या मेंदूत इजा न झालेल्या शेजारच्या भागातूनही हाताचे क्षेत्र आणखी आक्रसले. ज्यांच्याकडून खाचांतून खाऊच्या गोळ्या उचलण्याचा रोज सराव करून घेतला, त्यांच्यात हे क्षेत्र टिकले. काहींमध्ये तर कोपर-खांद्याच्या क्षेत्रात पसरले.

याची दुसरी बाजू म्हणजे 'न वापरण्याची सवय'. लुळा हात नीट चालत नाही म्हणून रुग्ण सगळी कामे चांगल्या हाताने करू लागतो. काही आठवड्यांनी दुर्बल हातात थोडी शक्ती परत आली, तरी तो वापरायचा असतो हेच मेंदू विसरून गेलेला असतो. एडवर्ड टॉब यांनी यावर उलटा उपाय सुचवला. चांगल्या हातावर जाड हातमोजा चढवून दुर्बल हाताला काम करायला भाग पाडायचे. थोडीफार हालचाल शिल्लक असलेल्या २२२ रुग्णांवर अमेरिकेत घेतलेल्या चाचणीत (२००६) दोन आठवड्यांच्या अशा उपचाराचा फायदा वर्षभरानंतरही टिकून असल्याचे दिसले.

शिक्षकांना यात नवे काही वाटणार नाही. पाढे एकदा समजावून येत नाहीत, म्हणावे लागतात. त्यातही विद्यार्थ्याला झेपेल, पण थोडे कठीण वाटेल, असाच पुढचा धडा द्यावा लागतो. लुळ्या हाताचेही तसेच आहे. सर्वाधिक सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते. ही वेळ रुग्णाने घरात काढायची असते. म्हणजे शाळा भरण्याची वेळ झाली आहे, पण शिकवणारा रुग्णालयातच राहिला आहे, अशी ही स्थिती असते.

घरातले चार धोके

सराव ही एक गरज झाली. तिच्याबरोबर रोजच्या शुश्रूषेत चार गोष्टींकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

पहिली गिळण्याची. पक्षाघातानंतर अनेकांचे गिळण्याचे स्नायू कमजोर होतात. पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाते आणि न्यूमोनिया होतो. पातळ पाणी घट्ट पेजेपेक्षा अधिक धोक्याचे, कारण ते झटकन घसरते. जेवताना ठसका लागणे, घशात पाणी साचल्यासारखा आवाज येणे ही त्याची लक्षणे; काहींना तर ठसकाही लागत नाही. अशा रुग्णाला आडवे ठेवून मायेने चमच्याने पाणी पाजणे म्हणजे नकळत अपाय करणे होय. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही देऊ नये, आणि पुढे देताना ताठ बसवूनच द्यावे.

दुसरी शय्याव्रणांची, म्हणजे पाठीला व माकडहाडाजवळ होणाऱ्या जखमांची. त्वचेतील केशवाहिन्यांत रक्ताचा दाब सुमारे ३० मिलिमीटर पारा एवढाच असतो. बाहेरून त्याहून अधिक दाब बराच काळ पडला तर तेथील रक्तप्रवाह थांबतो आणि ऊती मरू लागतात. म्हणून कूस बदलावी लागते. साधारणतः दर दोन तासांनी, असा प्रघात आहे.

तिसरी खांद्याची. खांद्याचा सांधा मुख्यतः स्नायूंनी जागेवर धरलेला असतो. स्नायू लुळे पडले की तो सैल होतो. रुग्णाला उठवताना लुळा हात धरून ओढला तर सांधा निखळतो आणि महिनोन्‌महिने दुखत राहतो. उठवताना आधार धडाला द्यावा, हाताला नव्हे.

चौथी पडण्याची. ओली न्हाणी, उंच उंबरठा, घसरणारी सतरंजी, रात्रीचा अंधार आणि उकिडवे बसण्याचा संडास हे आपल्या घरांतील नेहमीचे सापळे.

या चारही गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत आणि त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो घरी येऊन दाखवणारा माणूस.

सेवा घरापर्यंत

ही कल्पना नवी नाही. लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांच्या पत्नीच्या शेवटच्या आजारात मेरी रॉबिन्सन नावाच्या परिचारिकेने घरी शुश्रूषा केली होती. पैसा असूनही आपल्या घरी एवढे दुःख, तर गरिबांच्या घरी काय होत असेल, या विचाराने रॅथबोन यांनी १८५९ साली त्याच परिचारिकेला गरीब वस्तीतील घरोघरी पाठवायला सुरुवात केली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सल्ला त्यांना लाभला आणि त्यातून इंग्लंडमधील 'जिल्हा परिचारिका' ही पद्धत उभी राहिली. न्यूयॉर्कच्या माँटेफिओर रुग्णालयाने १९४७ साली पुढचे पाऊल टाकले आणि डॉक्टर, परिचारिका व समाजसेवक यांची फळीच रुग्णाच्या घरी पाठवली.

पक्षाघाताच्या रुग्णांसाठी आज अनेक देशांत अशी पथके आहेत. फिजिओथेरपिस्ट, व्यवसायोपचार तज्ज्ञ (अंघोळ, कपडे, स्वयंपाक अशी रोजची कामे पुन्हा शिकवणारे), वाचा-उपचार तज्ज्ञ, परिचारिका आणि डॉक्टर त्यांत असतात. रुग्णाला थोडे लवकर घरी सोडायचे आणि पथकाने घरी जाऊन सराव करून घ्यायचा. या पद्धतीच्या १७ चाचण्यांचा (२४२२ रुग्ण) एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. रुग्णालयातील मुक्काम ५-६ दिवसांनी घटला आणि नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत दर १०० रुग्णांमागे सुमारे पाचजण अधिक स्वावलंबी झाले. फायदा मुख्यतः सौम्य ते मध्यम पक्षाघाताच्या रुग्णांना आणि एकमेकांशी नियमित विचारविनिमय करणारे पथक असेल तेथेच दिसला. या चाचण्या बहुतांशी श्रीमंत देशांतील होत्या, हेही ध्यानात ठेवावे.

भारतातील एक प्रयोग आणि त्याचा धडा

आपल्याकडे एवढे तज्ज्ञ कोठून आणणार? त्यावर एक स्वाभाविक तोडगा सुचतो. घरात माणसे आहेत, माया आहे, मग घरच्यांनाच शिकवले तर? ही कल्पना नुसती चर्चेवर न सोडता भारतात तिची रीतसर परीक्षा घेण्यात आली. 'अटेंड' नावाच्या या चाचणीत देशातील १४ रुग्णालयांतील १२५० रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटातील रुग्णाच्या नातेवाइकाला रुग्णालयातच व्यायाम व शुश्रूषा शिकवून, तोच सराव घरी चालू ठेवण्यास सांगितले. दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार मिळाले. सहा महिन्यांनी मृत्यू पावलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण मोजले. एका गटात ४७ टक्के, दुसऱ्या गटातही ४७ टक्के!

२०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला हा निष्कर्ष निराशाजनक वाटेल. पण नकारात्मक निष्कर्षही काही शिकवतो. नातेवाईक निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. त्यांच्याशिवाय रुग्ण जगलाच नसता. दुसऱ्या गटातील घरचेही आपापल्या परीने व्यायाम करून घेतच असणार. पण थोड्या दिवसांचे प्रशिक्षण देऊन सारा भार घरच्यांवर टाकला, तर तज्ज्ञांच्या सेवेचे काम त्याने भागत नाही, एवढे मात्र यातून दिसते.

ते का, याची आमच्या मते दोन कारणे संभवतात. पहिले म्हणजे पुढचा धडा कोणता, हे ठरवायला रुग्णाला पुन्हा पुन्हा पाहावे लागते. जास्त व्यायाम म्हणजे जास्त फायदा, हेही खरे नाही. २१०४ रुग्णांवरील दुसऱ्या एका चाचणीत (२०१५) पक्षाघातानंतर पहिल्या २४ तासांतच वारंवार उठवून चालवलेल्या गटाची तीन महिन्यांनंतरची प्रगती नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी ठरली. दुसरे कारण घरातील कामाच्या वाटणीचे आहे. 'घरचे' म्हणजे प्रत्यक्षात बहुधा एक बाई असते: पत्नी, सून किंवा मुलगी. तिला स्वयंपाक, पाणी, शेत किंवा नोकरी सुटत नाही. त्यात दर दोन तासांनी कूस बदलणे आणि दिवसातून अनेकदा व्यायाम घेणे येऊन पडते.

घरातील सेवा कशी यशस्वी होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. तेथील नवजात मृत्युदर, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. विषय वेगळा असला तरी रचना पाहण्यासारखी आहे. येथेही साध्या गावकरी बायाच होत्या. पण त्या ठरलेल्या दिवशी पुन्हा पुन्हा घरी जात आणि त्यांच्या कामावर नियमित देखरेख होती. पुढे २०११ पासून हेच काम देशभर आशा कार्यकर्त्यांकडे आले.

आज हाताशी काय आहे?

केरळात कोझिकोडे येथे १९९३ साली वेदनाशामक सेवेची संस्था सुरू झाली. २००८ साली राज्याने त्यासाठी धोरण केले आणि ग्रामपंचायतींमार्फत परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागल्या. तामिळनाडूने ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू केलेल्या योजनेत रक्तदाब व मधुमेहाची औषधे घरपोच देण्याबरोबरच फिजिओथेरपीही घरी देण्याची तरतूद आहे. पंतप्रधान जनआरोग्य योजनेत रुग्णालयातून सुटल्यानंतर १५ दिवसांपर्यंतची औषधे व तपासण्या येतात. मेंदूच्या शिकण्याचा काळ तीन ते सहा महिन्यांचा, हे आपण वर पाहिलेच.

महाराष्ट्रातील शहरांत ब्युरोमार्फत दिवसपाळी-रात्रपाळीच्या मावशी मिळतात. त्यांचा खर्च सर्वांना झेपत नाही आणि प्रशिक्षण सारखे नसते. मात्र आपल्याकडे एक फार चांगली प्रथा आहे. अनेक सेवाभावी संस्था रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे चालवतात. वॉकर, चाकांची खुर्ची, कमोडची खुर्ची, हवेची गादी, वरखाली होणारी कॉट अशा वस्तू अनामत रक्कम घेऊन अल्प भाड्याने मिळतात. गरज संपली की वस्तू परत, अनामत परत. एखादे वाचनालय चालावे तसेच हे चालते.

डिस्चार्ज घेताना पुढील प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यावीत: रुग्णाला गिळता येते का, हे तपासले का? आधीची कोणती औषधे बंद करायची? उठवायचे कसे, ते आमच्याकडून एकदा करून घ्याल का? कोणती लक्षणे दिसली तर लगेच परत यायचे? पुढची तपासणी कधी, आणि फिजिओथेरपिस्ट घरी किती वेळा येणार?

वर्गात करून पाहण्यासारखे

१. उजवे विद्यार्थी डाव्या हाताने (डावरे उजव्याने) सदऱ्याची पाच बटणे लावून वेळ मोजतील. रोज दहा वेळा सराव, दहा दिवस नोंद, मग आलेख. वक्र कोठे तीव्र आहे आणि कोठे सपाट होतो, यावर चर्चा करावी.

२. ३० मिलिमीटर पारा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४० ग्रॅम भार. मग ६० किलोच्या माणसाचे वजन या मर्यादेत पेलायला किती क्षेत्रफळ लागेल? (१५०० चौ. सें.मी.) आता एकाने फरशीवर उताणे झोपावे आणि इतरांनी कागदाची पट्टी सरकवून शरीर खरोखर कोठे कोठे टेकते ते पाहावे. जखमा ठरावीक जागीच का होतात, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

३. प्रत्येकाने आपल्या घरातील अंथरुणापासून संडासापर्यंतच्या वाटेचा नकाशा काढावा: उंबरठ्यांची उंची, दारांची रुंदी, दिव्याचे बटण, हात धरायला आधार. वॉकर त्या वाटेने जाईल का?

४. गावातील किंवा वॉर्डातील मदतीची यादी करून ती फळ्यावर लावावी: आशाताई, आरोग्य केंद्र, जवळचा फिजिओथेरपिस्ट, साहित्य केंद्र.

आणखी एक काम शिक्षकांसाठी. हजेरीपटावर एखादी मुलगी आठवड्यातून दोन-तीन दिवस गैरहजर दिसू लागते. विचारले तर "घरी आजी आजारी आहे" असे उत्तर येते. रुग्णालयाच्या नोंदीत ती आजी केव्हाच 'बरी होऊन' घरी गेलेली असते. घरापर्यंत न पोहोचलेल्या सेवेची किंमत ती मुलगी आपल्या शिक्षणातून भरत असते. अशा वेळी खाडा मांडून थांबू नये. तिच्या घरी एकदा जाऊन यावे, वर्गाने केलेली ती यादी सोबत न्यावी, आणि आशाताईंना त्या घराचा पत्ता द्यावा.